तात्यांकडचं पाकीट

२०२४ च्या लोकसभेचा ४ जूनला निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या तात्यांकडं एकाच पाकिटासाठी दोन माणसं आली. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून उभी हयात घालवलेले. रिटायर होऊन जमाना झाला पण गल्लीत कुणाला काही मधल्या माणसाकडं ठेवायचं असलं की अजून तात्याच आठवतात, भिशीचे पैसे असोत की भावाभावांच्या वाटणीचा कागद. तर मतदानाच्या आधी शेठ आणि गुरुजींनी दहा-दहा हजार एका पाकिटात घालून तात्यांच्या हवाली केले होते. शेठ म्हणजे हळदीचे दलाल, गुरुजी म्हणजे रिटायर मुख्याध्यापक, सकाळी आमराईत फिरायला एकत्र, भांडायलाही एकत्र. पाकिटात एक चिठ्ठी, तात्यांच्या त्या मोत्यासारख्या जुन्या अक्षरात: भाजप आली तर शेठ, नाही आली तर गुरुजी. खाली दोघांच्या सह्या. एवढंच.

"काढा पाकीट," शेठ चप्पल काढता काढताच म्हणाले. "एनडीए २९३. शपथ कोण घेणार हाय मग, माझा सासरा?" आणि गुरुजी आधीच येऊन खुर्चीत बसलेले, ते शांतपणे म्हणाले, "पाकीट माझं हाय. बहुमताला २७२ लागत्यात, भाजपच्या २४० आल्या. पोरगं पासिंगला कमी पडलं आणि ग्रेसच्या मार्कावर वर ढकललं तर पेढे वाटायचे व्हय?" तात्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी उलटसुलट करून बघितली, जणू मागच्या बाजूला काहीतरी लिहायचं राहिलेलं असावं. आतल्या खोलीत टीव्हीवर चंद्राबाबूंचे १६ आणि नितीशकुमारांचे १२ यावर कुणीतरी तावातावानं बोलत होतं. बाहेर असला उकाडा की बनियन अंगाला चिकटत होती. पाऊस दारात येऊन अडकल्यासारखा. काकूंनी चहा आणला, दोघांनी बशीत ओतून घेतला, आणि दोघंही आपणच जिंकलो या खात्रीनं तो प्यायले.

मला त्या सीनचं हसू यायला पाहिजे होतं. आलंही. पण नंतर कितीतरी दिवस ते डोक्यातून जाईना.

कारण देशात तेच चाललं होतं ना. त्या आठवड्यात ज्याला विचारावं तो जिंकलेला. ज्यांच्या २४० आल्या ते जिंकलेले, कारण सरकार त्यांचं. ज्यांच्या इंडिया आघाडीच्या २३४ आल्या तेही जिंकलेले, कारण भाजपच्या चारशेपारच्या घोषणेचं काय झालं बघा. फटाके दोन्हीकडं, पेढे दोन्हीकडं, आणि चेहरे मात्र दोन्हीकडं थोडे ओढलेले. सरळ हार झाली असती तर माणूस दोन दिवस गप्प बसून कामाला लागतो, सरळ जीत झाली तर नाचून दमतो. हे असं अर्धवट झालं की बोलणं संपतच नाही. कोण फुटणार, कोण पाठिंबा काढणार, लोकसभेचा अध्यक्ष कुणाचा होणार. पैजा लावणाऱ्यांची तर चंगळच झाली. एक पैज मिटायच्या आधी त्याच पैजेला दुसऱ्या चार फुटल्या.

मुळात सांगलीला त्या वर्षी पैजांचा महिनाच मिळाला होता. आपल्याकडं मतदान ७ मेला उरकलं आणि निकाल ४ जूनला, मधले जवळजवळ चार आठवडे मशीन कुलपात आणि माणसं कट्ट्यावर. उन्हाळा, लग्नं, आमरस आणि अपक्ष विशाल पाटील की भाजपचे संजयकाका. लग्नाच्या पंगतीत वाढपी सुद्धा वाढता वाढता विचारायचा, तुमच्या भागात काय चाललंय म्हणून. कवठेमहांकाळकडच्या दोघांनी तर एकानं बुलेट आणि एकानं युनिकॉर्न अशी पैज लावली, ती सगळीकडं व्हायरल झाली आणि शेवटी पोलिसांनी जुगाराचा गुन्हाच दाखल केला. हा प्रकार ऐकून तात्यांनी पाकीट कपाटातून काढून देवघरात गणपतीमागं ठेवलं. काकू म्हणाल्या, देवाला पण गुंतवा आता. विशाल पाटलांचं चिन्हही पाकीटच, म्हणजे लिफाफा, त्यामुळं घरात पाकीट म्हटलं की कुठलं, असा दरवेळी प्रश्न.

आणि गंमत बघा, सांगलीचा निकाल स्वच्छ लागला. अपक्ष माणूस, वसंतदादांचा नातू, लाखाच्या फरकानं. ठाकरेंच्या शिवसेनेचे डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील तिसऱ्या नंबरला. जिल्ह्यातल्या पैजा दुपारपर्यंत चुकत्या झाल्या, कुणी कुरकुर केली नाही. दोनच दिवसांत खासदारांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्रही दिलं, ९९ चे १०० झाले म्हणून इथल्या लोकांची कॉलर ताठ. जिल्ह्यात काहीच भोंगळ राहिलं नाही, जे भोंगळ राहिलं ते दिल्लीत. आणि भांडणं झाली ती दिल्लीवरून. ज्या दिल्लीत आमच्या गल्लीतलं कुणी रेल्वे बदलायला सुद्धा उतरलेलं नाही.

त्या महिन्यात आणखी एक गोष्ट बघितली. लोक एकमेकांना मत विचारायचे बंद झाले आणि भाव विचारायला लागले. "फलोदीचा काय भाव आला?" फलोदी म्हणजे राजस्थानातलं गाव, सट्ट्यासाठी नाव काढलेलं. तिथले भाव सांगलीत व्हॉट्सॲपवर यायचे, आणि ते खरंच तिथले की कुणी इथंच शेजारच्या कुपवाडात बसून टाईप केलेले हे देवाला माहीत. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शेठनी एकदा मला नीट समजावलं होतं. जागांचा भाव दोन आकड्यांत निघतो, समजा ३०३-३०६. ज्याला वाटतं कमी येणार तो ३०३ ला लावतो, ज्याला वाटतं जास्त येणार तो ३०६ ला, मधलं ते बुकीचं. आणि कोण निवडून येणार याचा भाव पैशात, जेवढा भाव कमी तेवढा माणूस पक्का. तीस पैसे म्हणजे रुपया लावला तर वर तीसच पैसे सुटणार, म्हणजे बाजार म्हणतोय की हा आलाच. शेठचं म्हणणं असं की टीव्हीवरचा माणूस पगारासाठी बोलतो, पुढारी मतासाठी बोलतो, पण खिशातलं काढून लावलेला माणूस खोटं बोलत नाही.

मला हे तेव्हा एकदम पटलं होतं. आता तेवढं पटत नाही. खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला तरी कुठून कळणार? त्यानं पण तोच टीव्ही बघितलेला, तेच मेसेज वाचलेले, त्याच मेहुण्याला फोन केलेला. सगळ्यांचं ऐकीव एका ठिकाणी गोळा होतं आणि त्याला आकडा चिकटला की ते ज्ञान वाटायला लागतं. फलोदीनंही तीनशेच्या आसपासच धरलं होतं की. आकडा चुकला तेव्हा शेठ म्हणाले, बाजार कधी चुकत नाही, बाजार वळतो. आता यावर काय बोलायचं.

आणि हा सट्टा फक्त फलोदीत होता असं नाही. १ जूनला शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले, काहींनी तर चारशेचा आकडा दाखवला. सोमवारी शेअर बाजार अडीच हजार अंकांनी वर, आणि मंगळवारी मतमोजणी चालू असताना जवळजवळ चार हजार चारशे अंकांनी खाली. पेपरात आलं की एका दिवसात तीस लाख कोटींच्या वर बुडाले. माझा एक भाचा, विश्रामबागेत राहतो, इंजिनिअर, पैजेचं नाव काढलं तरी नाक मुरडणारा, "मामा, आपले लोक सुधारणार नाहीत." त्यानं सोमवारी निफ्टीचे कॉल, म्हणजे बाजार चढेल यावरचे सौदे, घेऊन ठेवले होते. मंगळवारी सकाळी साडेनऊला आमच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात उभा राहून मोबाईल बघत होता, पोहे गार झाले, मिरच्या बाजूला काढून ठेवलेल्या तशाच. किती गेले ते त्यानं अजून सांगितलेलं नाही, पण नवीन गाडीचा विषय घरात बंद झाला. म्हणजे शेठ-गुरुजींनी दहा हजारांची पैज लावली तर तो जुगार, आणि ह्यानं त्याच निकालावर त्याच्या कितीतरी पट लावले ते पोर्टफोलिओ. त्याला पोलीस येत नाहीत, उलट ब्रोकरचा मेसेज येतो, हॅपी ट्रेडिंग.

तसं बघितलं तर आपलं गावच अंदाजावर उभं आहे. हळद हरिपूरच्या पेवात घालून ठेवायची म्हणजे काय, भाव वाढेल यावर लावलेला डावच की. जमिनीत खोल पोटाचा खड्डा, आत हळद, वरून तोंड बंद, आणि वर मालक आभाळाकडं बघत बसलेला. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं पाण्यानं भरली, तेव्हा कुणाला किती बुडालं ते विचारायची सोय नव्हती. हळदीचा वायदा तर इथं आमच्या लहानपणीपासून, त्यासाठी एक्स्चेंज होतं. आणि पूर आला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन माणसं फूट मोजणार. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि "उद्या सकाळी किती?" यावर चहाच्या पैजा, ज्याचं घर पुरात बुडणाऱ्या दत्तनगरात त्यानं सुद्धा. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं तेव्हाच काय त्या पैजा थांबल्या.

तात्यांच्या अडतीवर मी शाळेच्या सुट्टीत जाऊन बसायचो. हळदीच्या पोत्यांवर बसलं की चड्डीला मागून पिवळा गोल उमटायचा, घरी गेल्यावर आई ओळखायची पोरगं कुठं होतं. तिथं ९६ ला वाजपेयींचं सरकार तेरा दिवसांत गेलं ते मी बघितलं, म्हणजे सरकार नाही, ते बघणारी माणसं बघितली. भाजप १६१, काँग्रेस १४०, कुणाचंच काही जमेना. हमाल, तोलाईदार, दलाल सगळे रेडिओभोवती, आणि मधूनच कुणीतरी सौद्याचा भाव पुकारायचा. मग देवेगौडा, मग गुजराल, प्रत्येक वेळी 'हे किती दिवस टिकणार' यावर पैजा. ९९ ला वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, २६९ विरुद्ध २७०, त्या दिवशी अडतीवर दोन मिनिटं कुणी बोललंच नाही, आणि मग एक हमाल म्हणाला, "आमच्या सोसायटीच्या चेअरमनला पण असंच पाडलं होतं." हशा. संध्याकाळी हिशेब चुकते. कोण कुठल्या पक्षाचा हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते कुणाच्या अंगाला लागत नव्हतं. की मी लहान होतो म्हणून मला तसं दिसलं? असेलही. तात्यांना विचारलं तर ते म्हणतात, तेव्हा पण लोक चिडायचे, पण दुसऱ्या दिवशी पोतं उचलायला दोघं लागायचेच.

परत पाकिटाकडं. त्या संध्याकाळी तात्यांनी काहीच निकाल दिला नाही, म्हणाले, शपथविधी होऊ दे. तेवढ्यात समोरचे वकीलसाहेब आले आणि त्यांनी सगळ्यांची झोप उडवली. म्हणाले, कायद्यानं तुमची पैजच पोकळ आहे. १८७२ चा कराराचा कायदा, कलम ३०, पैजेचा करार रद्दबातल. आणि पुढचं तर ऐका, पैजेसाठी ज्याच्याकडं पैसे ठेवले त्याच्यावरही दावा चालत नाही, म्हणजे तात्यांनी वीस हजार खाल्ले तरी जिंकणारा पैजेच्या पैशासाठी कोर्टात जाऊ शकत नाही! तात्या हातातला कप तसाच धरून बसले. त्यांचा चेहरा असा झाला की खायचं सोडा, पाकीट आत्ताच्या आत्ता कुणी घेऊन जाईल तर बरं. वकीलसाहेब रंगात आले की थांबत नाहीत, मग त्यांनी पावसावरच्या जुगाराचं सांगितलं. पूर्वी मुंबईत आणि कलकत्त्यात मारवाडी व्यापारी पाऊस पडणार की नाही, पन्हळीतून पाणी वाहणार की नाही, यावर लावायचे. पन्हळ काही जुगाराचं साधन होत नाही म्हणून मुंबईत लोक सुटले, मग कायद्यातच पाऊस घालावा लागला. कलकत्त्यात १८९७ ला त्यासाठी वेगळा कायदा झाला. "इंग्रजांना पावसावरची पैज सहन झाली नाही," वकीलसाहेब म्हणाले, "आणि आम्ही सरकारवर लावतोय."

९ जूनला रविवारी शपथविधी झाला, तिसऱ्यांदा. सोमवारी सकाळी गुरुजी स्वतःहून आले. म्हणाले, चिठ्ठीत आकडा नाही, सरकार आलं ते आलं, द्या शेठना. पण मी हरलो नाही हे त्यांनी कबूल केलं पाहिजे. शेठ आले, पाकीट घेतलं, नोटा मोजल्या (मोजल्याच, दलाल माणूस), आणि म्हणाले, बरं बाबा, तू हरला नाहीस, मी जिंकलो, झालं? मग त्यातल्याच पैशातून मिरजेला मटणाचा बेत ठरला, आणि जागेवरच नवीन पैज: हे सरकार वर्षभर टिकतं की नाही. तात्यांनी हात जोडले. म्हणाले, आता कुणाकडं ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा, माझ्या गणपतीला तेवढं काम नको. २६ जूनला ओम बिर्ला आवाजी मतदानानं लोकसभेचे अध्यक्ष झाले तेव्हा शेठचा मला मेसेज आला, भाव तीस पैसे.

म्हणजे ज्यांनी पैसे लावले त्यांचं मिटलं.

आमच्या घरातलं मिटलं नाही. धाकटे चुलते आणि माझा चुलतभाऊ, दोघांनीही एक रुपया लावलेला नव्हता. काका म्हणायचे पैज लावणं म्हणजे नादारांचं काम. पण ४ जूनला रात्री फॅमिली ग्रुपवर या दोघांची जी जुंपली, एकानं दुसऱ्याला देशद्रोही म्हटलं, दुसऱ्यानं पहिल्याला विकलेला, मग आजोबांच्या जमिनीचा विषय निघाला, मग कुणाच्या मुंजीत कुणाला आहेर दिला नाही तो विषय, आणि मग काका ग्रुपमधून लेफ्ट. अजून लेफ्टच आहेत. मी खूप वेळा विचार केला की यांच्यात आणि शेठ-गुरुजींच्यात फरक काय. शेठ-गुरुजींच्यात कागद होता, तारीख होती, मधला माणूस होता, हरण्याची किंमत आधीच ठरलेली होती, दहा हजार, त्याच्या पुढं नाही. काका आणि भावाच्यात काहीच ठरलेलं नव्हतं. काय झालं म्हणजे तू बरोबर, हेच ठरलेलं नाही, तर हरणार कोण आणि थांबणार कोण? तिकडं २४० चा अर्थ लावायला दोघंही मोकळे, आणि लावत सुटले.

मी जुगाराची बाजू घेतोय असं वाटेल. घेत नाही. मटक्यापायी घरादारावर नांगर फिरलेली माणसं मार्केट यार्डात पोत्यानं बघितलीत, कल्याणचा ओपन-क्लोज, म्हणजे मटक्याचा आकडा, कळायच्या आधी ज्यांच्या घरी पीठ यायचं नाही अशी. आणि बुकीकडं उधारीवर लावणारा हरला की त्याच्या दारात जी पोरं येऊन उभी राहतात ती गुरुजींसारखी चहा बशीत ओतून पीत नाहीत. म्हणून पैशाच्या पैजेला मी चांगलं म्हणणार नाही. पण बिनपैशाची पैज पण काही कमी नाही, हे त्या जूनमध्ये आमच्या घरानं मला दाखवलं.

साताऱ्याला माझी सासुरवाडी, कोरेगावकडं. तिथला किस्सा वेगळाच. लोकसभेला भाजपचे उदयनराजे ३२ हजारांच्या फरकानं निवडून आले, आणि पिपाणीवाल्या अपक्षाला मतं पडली ३७ हजारांच्या वर. मतपत्रिकेवर त्या पिपाणीचंही नाव तुतारीच, आणि उदयनराजेंच्या समोरच्या, शरद पवारांच्या पक्षाच्या शशिकांत शिंदेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. माझे मेहुणे शिंदेंवर लावून बसलेले, हरले, पैसे गुपचूप दिले. पण देताना समोरच्याला एवढंच म्हणाले, "हे तुला न्हाई देत, पिपाणीला देतोय." समोरचा पण हसला, म्हणाला, "द्या, पिपाणीपर्यंत पोचवतो." आता दोघंही तो किस्सा प्रत्येक कार्यक्रमात सांगतात, प्रत्येक वेळी थोडी मतं वाढवून. सासूबाई मात्र अजून म्हणतात, मी नेमकं कुठलं बटण दाबलं ते मला नक्की आठवत नाही, आणि मेहुणे त्यांना पुढं काही विचारत नाहीत.

नोव्हेंबरात विधानसभा झाली, तिथं तर काहीच अधांतरी राहिलं नाही, महायुतीला २८८ मधल्या २३० च्या वर. मला वाटलं आता तरी लोक गप्प बसतील. कुठलं काय. इतक्या जागा आल्याच कशा यावरून परत सुरू, माळशिरस तालुक्यात मारकडवाडीच्या लोकांनी तर बॅलेटवर आमचं आम्ही परत मतदान घेतो म्हणून तयारी केली, आणि प्रशासनानं ते थांबवलं. चुलतभावानं तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला, काका ग्रुपवर नाहीत हे माहीत असून. मग कुणीतरी तो काकांना फॉरवर्ड केला, हे पण ठरलेलंच. काकांचा मला रात्री साडेदहाला फोन. पाऊण तास. शेवटी म्हणाले, त्याला सांग, मला असल्या गोष्टीत इंटरेस्ट नाही.

झेडपीच्या निवडणुकीआधी एकदा पुतणीच्या साखरपुड्याची बोलावणी लिहायला बसलो होतो, तर तात्यांनी काका आणि चुलतभाऊ दोघांची नावं एकाच कार्डावर घातली, मुद्दाम. काकूंनी ते कार्ड फाडलं आणि दोन केली. म्हणाल्या, झेडपीचं काय ते एकदा होऊन जाऊ दे, मग बघू, उगं आत्ता कार्ड फुकट घालवू नका, एका कार्डाला अठरा रुपये पडलेत.